मॅडम, हे कुठल्या कोडवर टाकू?

शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायची असते, म्हणजे आठवड्यातला प्रत्येक तास कुठल्या कामाच्या कोडवर, कुठल्या खात्यावर गेला ते सिस्टिममध्ये टाकायचं. सहा वाजले की सिस्टिमचे मेल यायला लागतात, पहिला नम्र, दुसरा जरा चढ्या आवाजातला, तिसऱ्यात मॅनेजर सीसीला. अशाच एका शुक्रवारी, खाली हिंजवडीतून बाहेर पडायच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झालेले, पँट्रीतल्या मशीनमधलं दूध संपलेलं आणि सगळे काळा चहा तोंड वाकडं करून पीत होते, तेव्हा आमच्या टीममधला लातूरचा पोरगा लॅपटॉप तसाच उघडा हातावर घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, ह्या चार तासांचं काय करू? हे कुठल्या कोडवर टाकू?"

त्या चार तासांची गोष्ट अशी. क्लायंट बाहेरचा, पण त्यांचं एक गोदाम भिवंडीला, आणि तिथल्या रात्रीच्या डिस्पॅचचा रिपोर्ट चुकत होता. म्हणजे सगळा नाही, फक्त रात्री बारा ते साडेबाराच्या मधल्या गाड्या आदल्या दिवसाच्या खात्यात जाऊन बसत होत्या. तिथले सुपरवायझर रोज सकाळी फोन करून वैतागायचे आणि आमचे लोक रोज सकाळी सांगायचे की डेटाच तसा आलाय. ह्या पोरानं खोदत खोदत शोधून काढलं की दोष ना डेटाचा ना आमचा, आम्ही जी एक ओपन सोर्स लायब्ररी (म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला, फुकट ठेवलेला तयार कोड) वापरत होतो तिच्या आतला होता. लिहिणाऱ्यांनी टाइमझोन पूर्ण तासांचाच असतो असं धरून टाकलेलं, आपले साडेपाच तास त्यात शिरले की पाच होऊन बाहेर पडायचे, अर्धा तास गळायचा. त्यानं आमच्याकडच्या कॉपीत पाच-सहा ओळी बदलल्या, रिपोर्ट सुधारला, भिवंडीचे फोन थांबले, क्लायंटचा थँक्यू मेल आला, आणि तो मेल वरपर्यंत फॉरवर्डही झाला. इथवरचा वेळ बिलेबल, म्हणजे क्लायंटकडून पैसे मिळणारा, त्याबद्दल काही प्रश्नच नव्हता. पण त्यानंतर त्यानं आणखी चार तास घातले होते. ती दुरुस्ती मूळ लायब्ररीवाल्यांना परत पाठवायची म्हणून त्यांचे नियम वाचले, त्यांच्या पद्धतीनं टेस्ट लिहिली, जमेल तशा इंग्रजीत समजावून सांगणारा मजकूर लिहिला. हे काम प्रोजेक्टचं नाही, बेंचचं (म्हणजे प्रोजेक्ट नसताना बसून काढलेल्या वेळाचं) नाही, सुट्टीही नाही. ड्रॉपडाउनमध्ये त्याला जागाच नव्हती.

आमचा मॅनेजर वाईट माणूस नाही हे आधीच सांगते, पोरांच्या लग्नाला तळेगावच्या पुढं कुठंकुठं गाडी काढून जातो. पण त्याच्या डोक्यावर युटिलायझेशनचा, म्हणजे टीमचे किती तास पैसे मिळणाऱ्या कामाला लागले त्याचा, आकडा बसलेला असतो, त्याच्या डोक्यावर त्याच्या वरच्याचा. त्यानं एकच विचारलं, क्लायंट ह्याचे पैसे देणार आहे का? नाही ना, मग ट्रेनिंगमध्ये टाक. आणि हो, लीगलला विचारल्याशिवाय बाहेर काही पाठवायचं नाही हं. लीगलला विचारलं तर त्यांनी एक फॉर्म पाठवला, त्यात व्हेंडरचं नाव, व्हेंडरचा पत्ता, वार्षिक कराराची रक्कम. व्हेंडर कोण? जगाच्या पाठीवर कुठंतरी रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून बसणारे लोक. रकमेपुढं शून्य टाकलं तर फॉर्म पुढं सरकेना, किमान एक तरी आकडा हवा म्हणे. मग असं निघालं की क्लायंटच्या वेळात लिहिलेली प्रत्येक ओळ क्लायंटच्या मालकीची, तेव्हा त्यांची परवानगी घ्या. क्लायंटकडं कुणाला विचारायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच.

पोरानं ते चार तास ट्रेनिंगमध्ये टाकले. कोण शिकलं आणि काय शिकलं, हे सिस्टिमनं काही विचारलं नाही.

मला मॅनेजरचा राग आला असं नाही. पण तो प्रश्न मात्र टोचत राहिला. कारण ज्या लायब्ररीसाठी कंपनीनं एक रुपया मोजला नव्हता, जिच्यावर आमचा निम्मा प्रोजेक्ट उभा होता, तिला पाच-सहा ओळी परत द्यायला आमच्याकडं साधा रकाना नव्हता. घ्यायला मात्र कधीच फॉर्म लागला नव्हता.

घ्यायला फॉर्म लागत नाही हीच तर ह्या सगळ्याची सुरुवात. माझी पहिली नोकरी कर्वे रोडच्या मागं एका बंगल्यातल्या कंपनीत होती, खाली मालकांची आई राहायची आणि दुपारी फोडणीचा वास वर यायचा, सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीतला एक डबा, त्या खोलीत एकच एसी आणि उन्हाळ्यात सगळ्यांना तिथंच काहीतरी काम निघायचं. मेल सर्व्हर हवा होता. लायसन्सचं कोटेशन बघून साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. आमचा सिस्टिम अ‍ॅडमिन, सोलापूरचा, भयंकर अबोल माणूस, त्यानं मार्करनं १, २, ३ लिहिलेल्या सीडी कुठूनतरी आणल्या, भंगारात काढलेल्या पीसीवर लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि सोमवारी मेल चालू. साहेबांनी विचारलं कितीला पडलं, तो म्हणाला काही नाही. साहेब पुढचे कित्येक महिने कुणीतरी बिल घेऊन येईल म्हणून वाट बघत होते असा माझा दाट संशय आहे. महागडा डेटाबेस घ्यायचा तर तीन सह्या लागायच्या, हे आणायला सहीच लागत नव्हती, त्यामुळं विचारायचंही नव्हतं. आपल्याकडच्या कंपन्यांमध्ये ओपन सोर्स मॅनेजमेंटनं आणलंच नाही, ते खालून वर चढलं. जिन्याखालच्या खोल्यांमधून, फेब्रुवारीत मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसमध्ये तेव्हा भरणाऱ्या जीएनयूनिफाय ह्या ओपन सोर्सच्या मेळाव्यातून, पुण्याच्या लिनक्स यूजर ग्रुपच्या गप्पांमधून, सीडी कॉपी करून देणाऱ्या आणि बदल्यात फार तर कटिंग चहा घेणाऱ्या मंडळींकडून. वरच्यांना कळलं तोवर निम्मी कंपनी त्यावर चालत होती, मग त्याला स्ट्रॅटेजी असं नाव देऊन प्रेझेंटेशनमध्ये घेतलं.

त्या काळात नोकरी करणाऱ्याला एक गंमत पहिल्यांदा मिळाली होती ती ही की न विचारता करता येत होतं. आत काय आहे ते उघडून बघता येत होतं. तोवर सॉफ्टवेअर बिघडलं की कंपनीच्या नंबरवर फोन लावायचा, तिकीट नंबर घ्यायचा आणि थांबायचं, म्हणजे आपल्या कामावरही आपला ताबा नाही. आता तो सोलापूरचा गडी मध्यरात्री सोर्स वाचून सांगायचा की मेल अडकतोय तो इथं अडकतोय. मालकाला ते आवडायचं आणि थोडं भ्यायलाही व्हायचं, कारण आता ह्या माणसाला जे कळतं ते विकत घेता येणारं नाही. त्याला पगारवाढ मिळाली ती त्या एकाच वर्षी.

माझी एक मैत्रीण तेव्हा मगरपट्ट्यात रेड हॅटमध्ये, म्हणजे लिनक्सवरच धंदा करणाऱ्या कंपनीत, लागली. तिचा हेवा वाटायचा, अजूनही वाटतो. तिचं कामच उघड्यावर होतं. कुणीही इंटरनेटवर जाऊन बघावं, ही ओळ हिनं लिहिली, ह्या तारखेला लिहिली, त्यावर परदेशातल्या कुणीतरी हरकत घेतली, मग हिनं सुधारली. तिचे आईवडील सांगलीला बसून तिचं नाव शोधायचे. रेड हॅटनं २००४ मध्ये लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केले होते, लिनक्सवर मराठी नीट दिसायला लागलं त्यात त्यांचा मोठा वाटा, आणि तिच्या ऑफिसातली मंडळी जोडाक्षरांवरून तावातावानं भांडायची, पगार घेऊन. मी तेव्हा एका अमेरिकन विमा कंपनीसाठी कोड लिहीत होते. चांगला लिहीत होते. पण नोकरी सोडली त्या दिवशी बॅज दिला, लॅपटॉप दिला आणि इतक्या वर्षांच्या लिखाणातली एक ओळही मला परत बघता येणार नाही हे लिफ्टमध्ये लक्षात आलं. तिनं नोकरी बदलली तेव्हा तिचं सगळं काम तिच्याबरोबरच आलं, म्हणजे ते आधीपासूनच कंपनीच्या आत नव्हतं. पगार देणारा एक, आणि कामाची साक्ष भलतीकडंच. मॅनेजरनं अप्रेझलमध्ये काहीही लिहिलं तरी तिला काडीचा फरक पडायचा नाही. सर्व्हिस कंपनीत आयुष्य काढलेल्यांनाच ह्याची किंमत कळेल.

पण त्याचीही दुसरी बाजू बघितलीच. आता इंटरव्ह्यूत विचारतात, गिटहबची (म्हणजे उघड्यावर कोड ठेवायच्या साइटची) लिंक द्या. म्हणजे जे आवडीनं करायचं ते आता हजेरीसारखं झालं. दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी पुन्हा फुकट काम करून दाखवा, मग दिवसाच्या कामासाठी घेऊ. आणि संध्याकाळ कुणाकडं असते हे कुणी विचारत नाही. माझ्या बॅचच्या ज्या मुलांची गिटहब प्रोफाइलं रोजच्या कामाच्या खुणांनी हिरवीगार आहेत त्यांच्या घरी पोळ्या दुसरं कुणीतरी लाटत होतं, हे मी त्यांच्यापैकी एकाला तोंडावर सांगितलंय आणि तो हसला, पण नाही म्हणाला नाही. पोरांचं तर आणखी वेगळंच. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावा म्हणणाऱ्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, टीशर्ट मिळतो म्हणून लोकांनी जगभरच्या प्रोजेक्टांमध्ये दोन-दोन शब्दांचे बदल धाडधाड पाठवले, त्यात आपल्याकडची कॉलेजची पोरं खूप, शेवटी आयोजकांना मधेच नियम बदलून जे प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणतील तेवढेच धरावे लागले. पोरांना हसायला सोपं आहे. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की ह्यानं नोकरी लागते, आणि नोकरी देणारे तेच तर मागत होते.

बरं नोकरी लागली की मग उलटं. अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक कलम असतं की नोकरीत असताना डोक्यातून जे काही निघेल ते कंपनीचं. २०२२ च्या सप्टेंबरात विप्रोच्या चेअरमननी जाहीर सांगितलं की स्पर्धक कंपन्यांसाठी काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढून टाकलंय, आणि त्या आठवड्यात आमच्याकडं रात्री हौसेनं ओपन सोर्समध्ये काहीबाही करणारेही गप्प झाले. त्याचा ह्याच्याशी संबंध नव्हता, तिथं प्रश्न दोन पगारांचा होता, इथं पगारच नाही. पण कलम वाचलं तर दोन्हीकडं सारखंच लागू होतं असं वाटायचं. इंटरव्ह्यूला लिंक मागायची आणि जॉइन झाल्यावर त्या लिंकवर नवीन काही दिसलं तर भुवया उंचवायच्या.

मॅनेजमेंटच्या बाजूनंही बघायला हवं, कारण त्यांचीही रात्रीची झोप उडते आणि ती मी जवळून बघितलीय. त्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, बोंब कुणाच्या नावानं मारायची? २०२१ च्या डिसेंबरातला तो शुक्रवार, लॉगफोरजेचा. प्रोग्रॅम काय करतोय त्याची नोंद, म्हणजे लॉग, लिहिणारी जावा ह्या भाषेतली एक साधी लायब्ररी, कुणाच्या लक्षातही नसलेली, तिच्यात असं भोक निघालं की बाहेरचा माणूस नुसता एक विशिष्ट मजकूर पाठवून सर्व्हर ताब्यात घेईल. संध्याकाळी कॉल सुरू झाला तो शनिवारी कधीतरी संपला, कॉलवर पन्नासेक माणसं, आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी मोठा साहेब येऊन विचारायचा, व्हेंडरशी बोललात का? व्हेंडर काय म्हणतोय? व्हेंडर म्हणजे अपाची फाउंडेशनचे काही स्वयंसेवक, त्यांना स्वतःच्या दिवसाच्या नोकऱ्या, आणि त्या आठवड्यात ते बिचारे झोपेवर पाणी सोडून एकामागून एक व्हर्जन काढत होते. भोक पहिल्यांदा त्यांना कळवलं होतं अलिबाबा क्लाउडच्या एका इंजिनिअरनं, नोव्हेंबरातच, अगदी रीतीप्रमाणं, ज्यांचा कोड त्यांनाच आधी. आणि त्याबद्दल चीनच्या सरकारनं अलिबाबा क्लाउडशी असलेलं सहकार्य सहा महिन्यांसाठी थांबवलं, आम्हाला आधी का नाही सांगितलं म्हणून. कामगारानं आपल्या बिरादरीचा धर्म पाळला आणि दंड मालकाला. ही बातमी वाचून मी एकटीच हसले होते, नंतर हसू आलं नाही.

ह्याच्यावर कडी म्हणजे कर्लवाल्या डॅनियल स्टेनबर्गला आलेला मेल. कर्ल हा इंटरनेटवरून डेटा आणणारा-पाठवणारा प्रोग्रॅम तो १९९८ पासून सांभाळतोय, तुमच्या फोनमध्ये आहे, टीव्हीत आहे, गाडीतही असेल. २०२२ च्या जानेवारीत त्याला एका भल्यामोठ्या कंपनीकडून मेल आला, लॉगफोरजेबद्दल ह्या प्रश्नांची उत्तरं २४ तासांत द्या. कर्ल जावात लिहिलेलंच नाही ते सोडा, पण त्या कंपनीनं त्याला कधी एक पैसा दिला नव्हता. त्यानं उत्तर दिलं, सपोर्टचा करार करू, मग आनंदानं सांगतो. तर त्यांचं पुढचं पत्र आलं त्यात त्याला डेव्हिड म्हणून हाक मारलेली. त्यानं उत्तराची सुरुवात केली, हाय गोलायथ, म्हणजे बायबलातल्या डेव्हिडसमोरचा तो राक्षसी योद्धा. हे आमच्या ग्रुपवर महिनाभर फिरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तो मेल पाठवणारा क्लार्क डोळ्यापुढं येत होता. कुठल्यातरी ऑफिसात, कदाचित आपल्याच पुण्यात किंवा हैदराबादला, एक्सेलमध्ये हजारभर नावांची यादी, साहेबांनी सांगितलंय सोमवारपर्यंत सगळे हिरवे करा, आणि प्रत्येक नावापुढं व्हेंडर हा रकाना. त्याला कोण डॅनियल आणि कोण डेव्हिड.

सेंटओएसच्या वेळीही तेच. रेड हॅटचं लिनक्स पैसे न भरता वापरायचं तर सेंटओएस टाकायचं हे सगळीकडं ठरलेलं होतं, बँका काय आणि कारखाने काय. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएसचं आठवं व्हर्जन २०२१ संपताना बंद होणार, लोक ते २०२९ पर्यंत चालेल असं धरून बसले होते. तोवर रेड हॅट आयबीएमच्या घरात गेलेली, ३४ अब्ज डॉलरला, आणि ज्याच्या सीडी आम्ही चहावर वाटल्या त्याचा हा भाव वाचून तो सोलापूरचा अ‍ॅडमिन पहिल्यांदाच ग्रुपवर काहीतरी बोलला होता (काय ते लिहिण्यासारखं नाही). वरून पहिला प्रश्न आला, त्यांच्याशी आपलं अ‍ॅग्रीमेंट काय होतं? काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत वाचवलेले पैसे कुणाच्या बोनसमध्ये गेले ते माहीत नाही, पण सर्व्हर हलवायच्या रात्री कुणाच्या वाट्याला आल्या ते माहीत आहे. मग सेंटओएसच्या जागी रॉकी लिनक्स आलं. सेंटओएस सुरू करणाऱ्यांपैकी एक रॉकी मॅकगॉ, हयात नाही, त्याच्या नावानं सेंटओएसच्याच दुसऱ्या एका संस्थापकानं नव्या प्रोजेक्टचं नाव ठेवलं. हे मला फार आवडलं. आमच्या कंपनीत कॉन्फरन्स रूमला नद्यांची नावं आहेत, सर्व्हरना ग्रीक देवांची, आणि पंचवीस वर्षं काम करून रिटायर झालेल्याला एक घड्याळ आणि केक.

आणि मग ते एक्सझेड. त्याबद्दल मी किती वेळा विचार केलाय.

२०२४ मधली धुळवड होऊन गेलेली, त्याच आठवड्यातला गुड फ्रायडे, म्हणजे २९ मार्च, लाँग वीकेंड म्हणून अर्धी टीम कोकणात. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर, मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस ह्या ओपन सोर्स डेटाबेसवर काम करणारा, त्याच्या लक्षात आलं होतं की एसएसएचनं, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या प्रोग्रॅमनं, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद. आपण डोळे मिचकावून पुढं गेलो असतो. तो मागं लागला आणि ते धागे जाऊन पोचले एक्सझेड ह्या फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा प्रोजेक्टपाशी, आणि तिथं कुणीतरी चक्क मागचं दार बसवून ठेवलेलं. ते प्रोजेक्ट फिनलंडचा लासे कोलिन वर्षानुवर्षं एकटा सांभाळत होता, बिनपगारी. २०२२ मध्ये काही लोक त्याच्या मागं लागले होते, काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, आणि त्यानं लिहिलं होतं की मनाची तब्येत बरी नाही, आणि हे हौसेचं, बिनपैशाचं काम आहे हेही ध्यानात घ्या. मग जिया टॅन नावानं वावरणारा एक मदतनीस पुढं आला, गोड बोलणारा, कामसू, दोन वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीतल्या व्हर्जनमध्ये विष कालवलं. खरा कोण होता ते कुणाला कळलेलं नाही.

ह्या गोष्टीत सगळे सुरक्षेचं बोलतात, मला त्यातली नोकरीची बाजू दिसते. एकीकडं दमलेला माणूस, त्याला ना सुट्टी, ना बदली, ना एचआर, ना कुणी म्हणणारं की अरे थांब, दोन आठवडे घरी जा. त्याच्यावर ओरडणारे मात्र मॅनेजरसारखेच ओरडत होते, फक्त पगार न देता. आणि दुसरीकडं ज्यानं पकडलं तो पगारी माणूस, तोही त्या कंपनीचा जिच्या तेव्हाच्या प्रमुखानं, स्टीव्ह बाल्मरनं, २००१ मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. त्याला अर्ध्या सेकंदाच्या मागं जायला वेळ होता, किंवा त्यानं तो काढला. त्याच्या टाइमशीटमध्ये तो वेळ कुठल्या कोडवर गेला असेल? आमच्याकडं असता तर ट्रेनिंगमध्ये टाकावा लागला असता. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशोब मांडला की जगातल्या कंपन्यांना हे सगळं ओपन सोर्स स्वतः लिहून घ्यावं लागलं असतं तर ८.८ ट्रिलियन डॉलर लागले असते, आणि त्या किमतीतला ९६ टक्के वाटा फक्त ५ टक्के डेव्हलपरांच्या हातचा. असले आकडे वाचून डोकं बधिर होतं. मला त्यातली ती ५ टक्के माणसं कशी झोपत असतील एवढंच डोक्यात येतं.

आमच्या पोराच्या त्या दुरुस्तीचं काय झालं ते राहिलंच. लीगलकडून उत्तर यायच्या आधीच एक दिवस तो हसत आला, मॅडम, झालं ते. काठमांडूच्या कुणीतरी तोच बग पकडून, दुरुस्त करून, मूळ लायब्ररीत टाकूनही दिला होता. आणि त्याची दुरुस्ती जास्त बरी होती, कारण नेपाळचं घड्याळ पावणेसहा तास पुढं, त्यामुळं त्यानं अर्ध्याचाच नाही तर पाऊण तासाचाही विचार केलेला. पोरानं आमची कॉपी काढून टाकली, नवं व्हर्जन घेतलं, पुन्हा फुकट. त्याला वाईट वाटलं का? वाटलं थोडं, तिथं त्याचं नाव आलं असतं, लातूरला दाखवलं असतं. पण तो त्या नेपाळी माणसाचा कोड मला ओळ न् ओळ समजावून सांगत होता आणि त्याचे डोळे असे चमकत होते की अप्रेझल मीटिंगमध्ये मी कुणाचेच बघितलेले नाहीत. ती वीस मिनिटं मी प्रोजेक्टवर टाकली.

आपल्याकडं कुणीच काही करत नाही असंही नाही. झिरोधा ह्या शेअर ब्रोकर कंपनीनं २०२४ मध्ये असल्या प्रोजेक्टांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फंड काढला, मालकांनी स्वतः सांगितलं की आमची कंपनी ह्याच्यावर उभी आहे. पण मला मोठ्या कंपन्यांपेक्षा माझ्या मामेभावाच्या भोसरीतल्या शॉपमध्ये जे बघायला मिळालं ते जास्त नवलाचं वाटतं. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशिनं, चार जुने लेथ, बाहेरून जॉबवर्क, आत शिरलं की कुलंटचा तो आंबूस वास जो घरी जाऊन आंघोळ केली तरी नाकात राहतो. त्याच्याकडं आधी एक विकतचं सॉफ्टवेअर होतं, दर माणशी लॉगिनचे पैसे. त्यामुळं लॉगिन दोघांनाच, तो स्वतः आणि अकाउंटंट. स्टोअरचे काका, कराडकडचे, वडिलांच्या वेळचे, त्यांना लॉगिन नाही, का तर परवडत नाही. ते लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात लिहायचे, संध्याकाळी अकाउंटंट ते बघून टाइप करायचा, आणि काय टाइप केलं ते काकांना कधी दिसायचं नाही. महिनाअखेरी स्टॉक जुळला नाही की बोलणी मात्र काकांनी खायची. लायसन्सच्या दरपत्रकावरून शॉपमध्ये कुणी बघायचं आणि कुणी नुसतं बघितलं जायचं हे ठरत होतं, आणि हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं.

मग त्यानं ईआरपीनेक्स्ट घेतलं, धंद्याचा माल-हिशोब सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, आपल्या मुंबईतलं, रुशभ मेहतांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यापायी ईआरपीच्या नादी लागून सुरू केलेलं. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, बसवणाऱ्याला द्यायचे, सर्व्हरला द्यायचे, आणि लॉगिन कितीही. ह्यानं सगळ्यांनाच देऊन टाकलं. काकांना पहिले काही महिने ते अजिबात आवडलं नाही. मला म्हणाले, "ताई, आता सगळं कॉम्प्युटरात दिसतंय तर शेठला माझी काय गरज?" कुठल्या खणात कुठलं इन्सर्ट ठेवलंय ते त्यांच्या डोक्यात होतं आणि तीच त्यांची नोकरीची हमी होती, हे ते बोलले नाहीत पण मला कळलं. रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही भरायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि मग बोटानं एकेक अक्षर शोधायचे. मधे तो बसवून देणारा मुलगा चांगली ऑफर आली म्हणून बेंगळुरूला गेला, मामेभावाची पाचावर धारण बसली, पण कोड उघडाच होता, सांगलीची एक मुलगी आली आणि त्याच आठवड्यात तिनं सगळं हातात घेतलं. जाणाऱ्याला धमकी देता आली नाही आणि मालकाला त्याला धरूनही ठेवता आलं नाही.

काकांनी पुढं काय केलं, तर त्या मुलीकडून माल इश्यू करायच्या एन्ट्रीत एक फिल्ड वाढवून घेतलं, 'कुणी सांगितलं'. आणि ते भरल्याशिवाय एन्ट्री सेव्हच होणार नाही असं करून घेतलं. झालं, दिवाळीआधी मामेभावानं रिपोर्ट काढला तर डिलिव्हरी चलानाशिवाय गेलेल्या मालापुढं ओळीनं वहिनीच्या भावाचं नाव, आणि मधेमधे त्याचं स्वतःचं. रात्री मला फोन, आवाज हळू, बहुतेक गॅलरीत येऊन बोलत होता. "ताई, ते फिल्ड गुपचूप काढता येतं का?"

मी म्हटलं येतं की, दोन मिनिटांचं काम. पण काढलेलं डिलीटेड डॉक्युमेंटमध्ये दिसतं, कुणी काढलं आणि किती वाजता ते.

जरा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "राहू दे मग." आणि विचारायला लागला की काकांना परचेसचंही शिकवता येईल का, अकाउंटंट सोडून चाललाय.